ग्रीनलंडच्या दाराची किल्ली

जगातलं सर्वांत मोठं बेट कोणतं, असं शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो नकाशातल्या ग्रीनलंडवर चटकन बोट ठेवील. पण त्या बेटावर जायचं झालं तर परवानगी कोणाकडे मागायची, असं विचारलं तर थोरामोठ्यांनाही थांबावं लागेल. आज आपल्या गावोगावची मुलं युरोपात शिकायला, नोकरीला जातात. मागोमाग आईबाप त्यांना भेटायला जातात. तेव्हा हा प्रश्न आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

आधी एक फरक ध्यानात घ्या. पासपोर्ट आपलं सरकार देतं. 'हा आमचा नागरिक' असा तो दाखला. व्हिसा मात्र ज्यांच्या घरी जायचं त्यांनी द्यायचा. पाहुण्यापाशी ओळखीची चिठ्ठी असली तरी दार उघडायचं की नाही, हे घरधनीच ठरवणार!

आता ग्रीनलंडचा घरधनी कोण? बेटाचं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, आणि वस्ती जेमतेम ५७ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. हे बेट डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे. १९७९ साली त्याला अंतर्गत कारभार मिळाला, २००९ साली स्वशासनाचे अधिकार वाढले. तरी परकी माणसाला प्रवेश देण्याचं काम डेन्मार्ककडेच राहिलं. म्हणून अर्ज डेन्मार्कच्याच वकिलातीकडे जातो. आपल्याकडे कागद गोळा करण्यासाठी अर्जकेंद्रं आहेत. पण तिथला कारकून फक्त कागद घेतो, निकाल देत नाही.

इथवर सारं सरळ दिसतं. खरी गोम पुढे आहे. युरोपातल्या २९ देशांनी मिळून एक व्हिसा ठरवला आहे, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. डेन्मार्क २००१ सालापासून त्या व्यवस्थेत आहे; ग्रीनलंड आणि फेरो बेटं मात्र बाहेर आहेत. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं असावीत, आणि पहिल्या बिऱ्हाडाची किल्ली इतर दोघांच्या कुलपांना लागू नये, तसा हा प्रकार! साधा शेंगेन व्हिसा घेऊन कोपनहेगन गाठता येतं. पण ग्रीनलंडसाठी 'ग्रीनलंडकरिता वैध' अशी नोंद व्हिसावर हवी. ती नसेल तर हजारो रुपये खर्चून अर्ध्या वाटेवरून परतण्याची पाळी येते. म्हणून अर्जातच ग्रीनलंडचं नाव स्पष्ट लिहावं. वाटेत डेन्मार्क किंवा आइसलंड लागत असेल तर शेंगेनची परवानगीही लागते, हेही विसरू नये.

अर्ज तपासणारा अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. माणूस कशासाठी जातो? खर्चाची सोय आहे का? आणि मुदतीत घरी परतेल का? बँकेचा हिशेब, राहण्याचा पत्ता, परतीच्या प्रवासाची सोय, नोकरीचा दाखला, घर आणि शेतीचे कागद हे सारं या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणूनच जोडायचं असतं. बोटांचे ठसेही घेतात. शेंगेनच्या नियमात निकालाला साधारण १५ दिवस धरलेले आहेत. चौकशी वाढली तर ४५ दिवसही लागतात. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नये. नकार आला तर त्याचं कारण लेखी मिळतं. पण भरलेली फी परत येत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वस्तीच्या बेटाला एवढा बंदोबस्त कशाला? तर मग आपल्याच लक्षद्वीपकडे पाहा. तिथं जायला बाहेरच्या भारतीयालाही परवाना लागतो. त्याचे नियम १९६७ साली झाले. लोक थोडे आणि जमीन तोकडी असली की कोण आलं, किती दिवस राहिलं, याची नोंद ठेवावीशी वाटणं स्वाभाविक आहे.

शिक्षकबंधूंनी नकाशा शिकवताना एवढं जरूर सांगावं, की एकाच रंगानं रंगवलेल्या दोन प्रदेशांचे नियम एकच असतात असं नाही. आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी तिकिटाला पैसे मोजण्यापूर्वी व्हिसावरची ती एक ओळ डोळ्यांनी वाचून खात्री करून घ्यावी.