घरातील यंत्रे : लेखांक सातवा – वॉशिंग मशीनची हयात

मागील लेखांकात फ्रिजच्या बंदिस्त कॉम्प्रेसरविषयी लिहिताना, ज्या यंत्राचे मर्म मोहोरबंद असते त्याला हात न लावणेच श्रेयस्कर, असे म्हटले होते. वॉशिंग मशीनच्या बाबतीत नेमके उलट म्हणावे लागते. कारण पाणी, क्षार, वीज आणि अतिवेग या चार परस्परविरोधी गोष्टी एकाच पत्र्याच्या पेटीत नांदविण्याचा प्रसंग घरातल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर येत नाही, आणि या भांडकुदळ चौकडीमुळे जे झिजते ते उघडून बदलता आले तरच त्या यंत्राची हयात वाढते. दुकानात दाखवितात ते दर्शनी काचेचे दार, दिव्यांचा कळफलक आणि वीसपंचवीस 'प्रोग्रॅम'. त्यांपैकी घरात रोज दोनच वापरले जाणार, हे विकणाराला आणि घेणाराला दोघांनाही ठाऊक असते.

ज्या शहराने ऑइल इंजिने घडविली, ज्याच्या शिवाजी उद्यमनगरात अजूनही लेथची घरघर रस्त्यावर ऐकू येते आणि ज्याच्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून ओतीव भाग देशभर जातात, त्या कोल्हापुरातला गृहस्थ शेतावरचा पंप घेताना बेअरिंग कोणते आणि सील कसले याची मेस्त्रीकडून खातरजमा करून घेतल्यावाचून पैसे मोजीत नाही. तोच गृहस्थ वॉशिंग मशीन घ्यावयास गेला की रंग आणि हप्ता यांपलीकडे चौकशी करीत नाही, हे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. वास्तविक दोन्ही यंत्रांचा प्राण एकाच ठिकाणी असतो.

थोडा हिशेब मांडू. दारातून कपडे घालावयाच्या, म्हणजे 'फ्रंट लोड' प्रकारच्या यंत्राचा ड्रम साधारण अर्धा मीटर व्यासाचा असतो. तो मिनिटाला १२०० फेरे घेऊ लागला म्हणजे त्याच्या कडेशी चिकटलेल्या कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट जोर येतो. अर्थात् एखादी ओली चादर एका बाजूस गोळा होऊन केवळ ३०० ग्रॅमचा तोल ढळला, तरी जवळजवळ १२० किलो वजनाचा धक्का सेकंदाला वीस वेळा त्या ड्रमच्या आसाला बसतो. तोल फार ढळल्यास यंत्र आपण होऊन वेग कमी करते हे खरे. पण रोजच्या लहानसहान धक्क्यांतून सुटका नसते. हा सगळा भार झेलतात ती ड्रमच्या पाठीमागची दोन बेअरिंगे. त्यांच्यापुढे रबराचे एक सील असते, आणि ड्रमला आसाशी जखडणारा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तीन बाहूंचा ओतीव भाग असतो, ज्याला मेस्त्री लोक 'स्पायडर' म्हणतात.

कंपनी कोणतीही असो, मोठ्या दुरुस्तीची कथा बहुधा या तिघांपाशीच सुरू होते. सीलची कड झिजते, पाणी झिरपते, बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो, आणि एके दिवशी पिळण्याच्या वेळी दळप कांडपाच्या गिरणीसारखा आवाज घरभर घुमू लागतो. स्पायडरचे मरण त्याहून संथ असते. पोलादी ड्रम आणि ॲल्युमिनियमचा स्पायडर हे दोन भिन्न धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र राहिले की त्यांतला दुबळा धातू झिजू लागतो, आणि गरजेहून अधिक टाकलेली पावडर जेथे कधी नीट खंगाळली जात नाही त्या पाठीमागच्या खोबणीत साचून या झिजेला हातभार लावते. उघडून पाहिलेला असा एखादा स्पायडर हातात घेतला म्हणजे पांढऱ्या भुकटीने माखलेली, बोटाने दाबली तरी ढलप्या निघणारी ती धातूची काडी, ओतकामातल्या माणसालाही क्षणभर ओळखू येत नाही. पावडर निम्मी टाकली तर कपडे मळके राहतात हा समज बव्हंशी जाहिरातींनी पोसलेला आहे. शिंगणापूर-बालिंग्याहून येणारे नदीचे पाणी किंवा २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीहून थेट नळवाटे शहरात पोहोचलेले धरणाचे पाणी बोअरच्या पाण्याइतके जड नसते, आणि हलक्या पाण्याला साबण थोडा पुरतो. ज्यांच्या घरी बोअरचेच पाणी आहे त्यांनी मात्र पाणी तापविणाऱ्या यंत्राच्या हीटरवर चुन्याची पुटे चढणार हे गृहीत धरून अधूनमधून लिंबूसत्त्व घालून यंत्र रिकामे फिरवावे.

तेव्हा दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की ड्रमभोवतीची प्लॅस्टिकची टाकी दोन अर्धकांची, स्क्रूने जोडलेली आहे, की वितळवून कायमची सांधलेली? स्क्रूची असेल तर मेस्त्री ती उघडतो, बेअरिंग आणि सील नवे बसवितो आणि यंत्र पुन्हा कामास लागते. सांधलेली असेल तर काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी ड्रमसह सगळी टाकी बदलावी लागते, आणि तो खर्च ऐकून बहुतेक लोक नवे यंत्र घेतात. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे. त्याला हमखास ठाऊक असते. दुसरी परीक्षा हाताची. दार उघडून ड्रमची वरची कड चार बोटांनी उचलून पाहावी. ड्रम टाकीसकट हलला तर हरकत नाही, कारण टाकी स्प्रिंगांवर टांगलेली असते. ड्रम टाकीच्या आत एकटाच हलला, तर ते यंत्र नवे असो वा जुने, सोडून द्यावे.

हमीपत्र हा दस्तऐवजही सावकाश वाचण्याजोगा असतो. 'मोटरवर दहा वर्षे' हे कलम मोठ्या अक्षरांत छापलेले असते. परंतु कार्बन ब्रश नसलेली आजची मोटर हा त्या यंत्रातला सर्वांत कमी बिघडणारा भाग आहे, आणि जे बेअरिंग, जे सील आणि वळवाच्या विजांनी दगावणारे जे सर्किट बोर्ड खरोखर खर्चात पाडते, त्यांची मुदत बहुधा दोनचार वर्षांतच आटोपते. ज्याला जामीन राहण्याची वेळच येणार नाही त्याचीच कबुलायत लिहून देण्यासारखा हा उदारपणा आहे.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्न याहून गंभीर. मराठी मध्यमवर्गाच्या घरात वॉशिंग मशीन नेणाऱ्यांत औरंगाबादची व्हिडिओकॉन ही एके काळी अग्रभागी होती. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, आणि कारखानदारच उरला नाही म्हणजे हमीपत्राची किंमत कागदाइतकीच राहते, हे तिच्या गिऱ्हाइकांपुढे उभे राहिले. कारखाना जवळ असणे हाही पुरेसा दिलासा नव्हे. आयएफबीचा कारखाना गोव्यात वेर्ण्यास आहे आणि एलजीचा पुण्याजवळ रांजणगावास, पण म्हणून त्यांचा प्रत्येक भाग कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी मिळेल असे नाही. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून असा दंडक घातला, की यंत्राचे शेवटचे नग बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे त्याचे सुटे भाग कारागिरांना मिळाले पाहिजेत. त्या यादीत ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग यांचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र ते भाग सुटे द्यावे की एकत्रित, याची मुभा कारखानदाराला ठेवलेली असल्याने सांधलेल्या टाकीला तेथेही पळवाट मिळालीच. आपल्याकडे असे बंधन नाही. म्हणून जे मॉडेल चारपाच वर्षे बाजारात टिकून आहे आणि ज्याचे भाग गावातला मेस्त्री बोट दाखवून कपाटातून काढून देतो, ते नव्या कोऱ्या मॉडेलपेक्षा पसंत करावे, असे माझे मत आहे.

प्रकारांविषयी थोडक्यात. दोन कप्प्यांच्या सेमी ऑटोमॅटिक यंत्राला आजकाल नाके मुरडतात. पण त्याचा टायमर, पट्टा, कपॅसिटर आणि गिअरबॉक्स हे सगळे स्वस्त, सुटे आणि कोणत्याही कारागिराच्या आवाक्यातले असतात, व नळाला पाणी येईल तेव्हा बादलीने भरून ते चालविता येते. फ्रंट लोडला पाणी कमी लागते, धुलाई मऊ होते, आषाढ-श्रावणात कपडे लवकर वाळतात; परंतु बहुतेक अशा यंत्रांना नळाशी साधारण ०.३ बार दाब हवा असतो, म्हणजे गच्चीवरील टाकीच्या पाण्याची पातळी नळापासून सुमारे तीन मीटर उंच असली पाहिजे. सर्वांत वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात तो दाब अनेकदा मिळत नाही, आणि यंत्र अर्ध्यातच थांबून चूक मात्र कंपनीच्या माथी मारली जाते.

यंत्र कोणतेही घेतले तरी वाकळ त्यात घालू नये. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची आपली रीत आहे, आणि पंचगंगेच्या घाटावर त्या दिवसांत दिसणारी गर्दी उगीच नसते. पाच-सहा जुन्या लुगड्यांच्या थरांची भिजलेली वाकळ ड्रममध्ये पसरत नाही, गोळा होऊन एका बाजूस बसते, आणि वरचा तोलाचा हिशेब तेथे अक्षरशः खरा ठरतो. तिला घाटच बरा.

ज्यांची घरे दुधाळी, शुक्रवार पेठ किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या पाणवठ्याच्या भागात तळमजल्यावर आहेत, त्यांना २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापुरांची आठवण करून देण्याची गरज नाही. फ्रंट लोडच्या पोटात तोल राखण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे बसविलेले असतात, त्यामुळे त्याचे वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, आणि रात्री पाणी चढू लागल्यावर ते माळ्यावर नेणे दोघांनाही जमत नाही; वीस-पंचवीस किलोंचे सेमी ऑटोमॅटिक दोघे जण जिन्याने सहज चढवितात. अशा घरांपुरता माझा कौल निःशंकपणे त्याच्याच बाजूने आहे. पुराचे पाणी एकदा शिरलेच, तर यंत्र वाळले असे वाटले म्हणून प्लग लावू नये; मेस्त्रीने बोर्ड आणि मोटर उघडून तपासल्यावरच वीज जोडावी.

(पुढील लेखांकात : पाणी चढविण्याची मोटर)