डुकरांना नियम, मेंढ्यांना मोकळे रान

ब्रिटनमध्ये एखाद्या फार्मवर बाहेरून एक जरी डुक्कर आले, तरी पुढचे 20 दिवस तिथल्या इतर डुकरांनाही दुसऱ्या फार्मवर पाठवता येत नाही. कत्तलखान्याची वाट तेवढी खुली असते. हा आकडा कुणा साहेबाच्या लहरीतून आलेला नाही. रोग पाहुण्याबरोबर आलाच असेल, तर तो त्याच शेडमध्ये उघडा पडायला एवढा अवधी बहुधा पुरतो.

लाळ्या-खुरकुतीचेच पाहा. तिचे फोड नाकाडाच्या कडेला, खुरांच्या बेचक्यात येतात. 19 फेब्रुवारी 2001 रोजी एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात पशुवैद्यकाला डुकरांवर असेच फोड दिसले. माग काढत अधिकारी थेट उत्तरेला, हेडन-ऑन-द-वॉलच्या वराहफार्मवर पोहोचले. तिथे हॉटेलांचे खरकटे नीट न उकळता डुकरांपुढे टाकले जात होते.

पुढची साखळी मोठी चमत्कारिक आहे. डुकरांच्या ने-आणीला लगाम होता, कारण त्यांच्यासाठी असा नियम आधीपासूनच होता. पण आजारी डुक्कर श्वासावाटे गाय-मेंढीच्या कित्येक पट विषाणू बाहेर टाकते. वाऱ्याने तो शेजारच्या मेंढ्यांपर्यंत गेला आणि मेंढ्यांना कसलीच थांब नव्हती! त्या हेक्सहॅमच्या बाजारात गेल्या, तिथून काही लाँगटाउनला. लाँगटाउन म्हणजे मेंढ्यांचे एसटी स्टँडच. तिथून गाड्या सगळीकडे सुटतात. शिवाय मेंढीत लक्षणे इतकी पुसट की धनगराच्या तयार नजरेलाही चकवतील. पहिल्या रोग्यावर शिक्कामोर्तब झाले तेव्हा किमान 57 फार्म बाधित होते. देशभर ने-आण थांबली ती 23 तारखेला.

शेवटी 60 लाखांवर जनावरे मारली गेली. 3 मेच्या स्थानिक निवडणुका 7 जूनवर गेल्या. चर्चा मात्र रंगली ती संगणकी मॉडेलांची आणि त्यांच्या आधारे शेजारच्या फार्मांवर झालेल्या कत्तलीची. ती खरोखर किती गरजेची होती, यावर पशुवैद्यकांत आजही एकमत नाही. बिनचेहऱ्याच्या 20 दिवसांना कोण विचारतो? गाई-मेंढ्यांनाही ती थांब लागू झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी ओरड केली. 2003 मध्ये त्यांच्यासाठी ती सहा दिवसांवर आली. डुकरांची 20 वरच राहिली.

भारतात डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात शिरला. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली डुकरे मारायची आणि त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची, अशी पद्धत ठरली. ने-आण रोखण्याचे अधिकार जनावरांच्या साथरोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याने राज्यांना दिलेच आहेत. पण ईशान्येत दोन-चार डुकरे परसात पाळली जातात, घरातल्या खरकट्यावर वाढतात आणि विकली जातात तेव्हा पावती फाडायला कुणी बसलेले नसते.