‘सिली’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

गणिताच्या उत्तरपत्रिकेंत हातचा एक मिळवावयाचा राहिला, म्हणजे आमचीं मुलें मोठ्या निर्धास्तपणें सांगतात, “सिली मिस्टेक झाली!” एवढें म्हटलें कीं त्यांचें समाधान होतें, आणि बहुधा आईबापांचेंही. शब्द घरांत येऊन बसलाच आहे, तर त्याचें कूळ विचारून घेणें बरें.

कोशांत ‘सिली’ म्हणजे ‘मूर्ख’ असा अर्थ सांपडतो. तो चुकीचा नाहीं. परंतु तेवढ्यावर विसंबून बोलणारा फसेल. ‘स्टुपिड’ हा शब्द माणसाच्या बुद्धीवर घाव घालतो. ‘सिली’ हा बहुधा त्याच्या त्या वेळच्या वागण्यापुरताच असतो. पाहुणा ‘उगीच तुम्हांला त्रास’ असें म्हणूं लागला, कीं इंग्रज यजमानीण ‘डोन्ट बी सिली’ म्हणून त्याला थांबविते, आणि त्यांत कोणी अपमान मानीत नाहीं. याचें ‘मूर्खपणा करूं नका’ असें मराठी करणाऱ्या भाषांतरकारास आमचा दुरूनच दंडवत! आमच्या घरांतील बायका अशा वेळीं नुसतें ‘कांहींतरीच काय!’ म्हणतात, त्याहून सरस भाषांतर आम्हांस तरी सुचत नाहीं. मात्र हाच शब्द वरिष्ठानें हाताखालच्या माणसास किंवा पतीनें पत्नीस चारचौघांत योजला, म्हणजे त्याचा मऊपणा जातो आणि तो चांगलाच बोचतो.

क्रिकेटमध्यें फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत क्षेत्ररक्षक उभा राहतो, त्या जागेस ‘सिली पॉइंट’ म्हणतात. शहाणा माणूस तेथें कशाला उभा राहील, हा त्यांतील विनोद. पार्लमेंटला सुटी लागून बातम्यांचा दुष्काळ पडतो व वर्तमानपत्रें कसल्याही वावड्या छापूं लागतात, त्या उन्हाळ्याच्या दिवसांस ‘सिली सीझन’ हें नांव आहे. तें लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकानें १८६१ सालीं छापलें.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत या शब्दाचें रूप ‘सेलिग’ असें होतें, आणि त्याचा अर्थ होता सुखी, भाग्यवान, ईश्वराची कृपा झालेला! ज्याच्यावर ईश्वराची कृपा तो निष्पाप. निष्पाप तो निरुपद्रवी. निरुपद्रवी तो दुबळा. दुबळा तो कींव करण्याजोगा. अशा पायऱ्या उतरत उतरत सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा धन्य पुरुष मूर्ख ठरला. मधल्या काळांत बिचाऱ्या मेंढरालाही हेंच विशेषण लागत असे. त्याचा जर्मन भाऊ ‘झेलिग’ मात्र अद्याप आपल्या पदावर आहे. त्याचा अर्थ आजही ‘धन्य’ असाच होतो, आणि आपण ‘कैलासवासी’ लावतों तसा तो दिवंगत माणसाच्या नांवालाही लागतो. उलट ‘नाइस’ हा शब्द ‘अज्ञानी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला, बराच काळ ‘मूर्ख’ या अर्थानें वावरला, आणि अठराव्या शतकांत ‘छान’ होऊन बसला. शब्दांचेंही दैव असतें म्हणावयाचें!

यावर इंग्रजांना हंसण्याचें कारण नाहीं, कारण आपल्या गीर्वाणवाणींतही हेंच घडलें आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अशोकानें शिलालेखांतून स्वतःस ‘देवानांप्रिय’, म्हणजे देवांचा लाडका, म्हणवून घेतलें. ही पदवी नेमकी अशोकाची, हें १९१५ सालीं मस्की येथील लेखांत त्याचें नांव मिळाल्यावर पक्कें झालें. पुढें वैयाकरणांनीं निंदा दाखविणाऱ्या समासांच्या प्रकरणांत तिची गणना केली, आणि भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धांतकौमुदी’पर्यंत ‘देवानांप्रिय’ म्हणजे सरळ ‘मूर्ख’ असें ठरून गेलें. बौद्धद्वेषामुळें असें झालें असावें, असें कांहीं पंडित सुचवितात. परंतु कोणत्याही पंथद्वेषावांचून ‘सिली’ची तीच गत झालेली पाहतां, एवढें एकच कारण आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. ज्याला डावपेच येत नाहींत त्याला प्रथम देवाचा माणूस म्हणावें आणि मग त्याच्यावर हंसावें, ही खोड कोणा एका देशाची नव्हे.

मराठींत हा प्रवास आज ‘भोळा’ या शब्दांत चालूं आहे. शंकराला आपण भोळा म्हणतों तेव्हां हात जोडलेले असतात. तोच शब्द धाकट्या दिरास किंवा विधवा आत्यास लावतांना आवाज थोडा खालीं येतो. “आत्या अगदीं भोळी हो!” हें वाक्य आत्याच्या हातचा लाडू खातांना एका अर्थानें उच्चारलें जातें, आणि वाटणीच्या कागदावर तिची सही घेण्यापूर्वीं तिला तो वाचून दाखवावयाचा कीं नाहीं, हें ठरवितांना अगदीं निराळ्या अर्थानें.