तीस दिवसांची मुदत

रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप ऐन दिवाळीच्या गर्दीत बंद दिसला. नोझलना सील, आवारापुढे दोरी, आणि दोरीच्या आत खुर्ची टाकून बसलेला एक पोरगा येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानेच नाही म्हणत होता. साठा संपलेला नव्हता. कंपनीनं डीलरशिपचा करार संपवला होता. करार संपवतात म्हणजे काय काय होतं, ते समजून घ्यायला मी अलिबागच्या एका वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसू लागले.

तिथं माझं लक्ष वकिलांपेक्षा त्यांच्या कारकुनाकडे जास्त राहिलं. वकालतनामा, तिकिटं, पानांवर आकडे घालणं ही त्यांची रोजची कामं. पण अशा प्रकरणात ते आधी तारखांचा तक्ता करायला बसतात. समोर त्या पंपाच्या डीलर बाई होत्या. "ताई, पत्रावरची तारीख नको. हातात कधी पडलं ते सांगा. पाकीट ठेवलंय ना?" पाकीट होतं. त्यावरचा पोस्टाचा शिक्का त्यांनी खिडकीपाशी नेऊन वाचला. पत्र पोचण्याआधीच कंपनीनं कोर्टात कॅव्हेट दाखल केलं होतं, म्हणजे कंपनीला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नव्हती.

बाईंनी आणलेल्या वह्यांना डिझेलचा वास होता. पंपावर रोज सकाळी टाकीत डिप रॉड सोडून साठा मोजतात, हायड्रोमीटरनं घनता बघतात, ती 15 अंशांवरच्या आकड्यात बसवून वहीत लिहितात. चलनावरच्या घनतेपेक्षा घनमीटरला 3 किलोहून जास्त फरक निघाला की संशय सुरू. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदी, काही पानांवर बोटांचे तेलकट ठसे. मी वह्या चाळल्या आणि तो वास संध्याकाळपर्यंत हाताला राहिला.

करार संपवण्याचं कारण हे, की पेट्रोलचा नमुना नापास झाला होता. बाईंचं म्हणणं, पावसाचं पाणी टाकीत उतरलं. किनाऱ्यावर हे अशक्य नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी वाढलं की पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. भेसळ करणारेही आहेत, म्हणूनच नियम कडक आहेत. भेसळीचं डिझेल भरून गेलेल्या नाखव्याचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं, तर त्याला कुठलं कोर्ट वाचवणार? पण नमुना कुणासमोर घेतला, तपासणीची नोटीस डीलरला दिली का, हे विचारायला हवंच. 2010 मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम विरुद्ध सुपर हायवे सर्व्हिसेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याच मुद्द्यावर डीलरशिप रद्द करणारा आदेश टिकू दिला नाही.

मात्र वकिलांच्या टेबलावर आणखी एक निकाल होता, 1990 चा, इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस. करार मोडणं चुकीचं ठरलं तरी त्याच करारात तीस दिवसांची नोटीस देऊन कुणीही बाहेर पडू शकतं असं कलम होतं. म्हणून एजन्सी परत नाही, भरपाई तीस दिवसांच्या उत्पन्नाची. "तीसच दिवस," कारकून म्हणाले, आणि बाईंकडे न बघता पानं लावत राहिले. पंप सासऱ्यांनी सुरू केलेला, पुढं नवऱ्यानं चालवलेला. त्याची कायद्यातली किंमत तीस दिवस. मला हे अन्यायाचं वाटतं. करारावर सही करताना कलम बदलून मागण्याची ताकद कुठल्या डीलरकडे असते?

जमिनीची गोष्ट त्याहून अवघड. ती बाईंच्या सासऱ्यांची, एकेकाळची नारळा-पोफळीची वाडी. त्यांनी ती कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली आणि कंपनीनं त्याच जमिनीवर पंप चालवायची परवानगी त्यांना दिली. करार संपला की परवानगी संपते, भाडेपट्टा चालूच राहतो. आज बाईंना स्वतःच्या वाडीत पाय ठेवायचा तर कंपनीला विचारावं लागतं.

पुढचा रस्ता लवादाचा. पूर्वी अशा करारांत कंपनीचाच संचालक किंवा त्यानं नेमलेला माणूस लवाद असे. लवाद कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनं कंपनीच्या माणसाला त्या खुर्चीवर बसायला मनाई झाली. लवाद बसेपर्यंत अंतरिम संरक्षणासाठी जिल्हा न्यायालयात त्याच कायद्याच्या कलम 9 चा अर्ज. रिट करायची तर मुंबईचं उच्च न्यायालय, म्हणजे मांडव्याची लाँच, आणि पावसाळ्यात लाँच बंद असली की वडखळवरून गाडीरस्ता. लवादाचं कलम असलं तरी रिट करता येते, हे हरबंसलाल सहनिया प्रकरणात 2002 मध्ये ठरलं. तिथंही एका पंपाचाच करार होता आणि न्यायालयानं डीलरच्या पोटापाण्याचा विचार केला होता.

वकिलांनी अर्जातली पहिली मागणी बदलली. पंप परत द्या, असं त्यात आता नाही. लवादाचा निकाल लागेपर्यंत तो दुसऱ्या कुणाला कायमचा देऊ नका, एवढंच. बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, पंपावरच्या पोरांचा पगार कुठून करू? वकील म्हणाले, तोही भरपाईत मागू.

कारकुनांनी मान वर न करता विचारलं, "पगाराची वही आणलीय का, ताई?"