घड्याळाशी भांडलेला डॉक्टर

डायलिसिसचं यंत्र बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी शोधलं नाही. ते विलेम कोल्फ या डच डॉक्टरचं. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन गावच्या इस्पितळात, कोल्फने सॉसेज भरायची सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून ते उभं केलं. १९४३ पासून तो एकेक मरणासन्न रुग्ण त्यावर घेत गेला आणि १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई त्यातून वाचली. यंत्र चालत होतं. अडत होतं ते रक्तापर्यंत पोचायच्या वाटेवर. दर खेपेला एक रोहिणी आणि एक नीला कापायची, आत नळ्या बसवायच्या आणि काम झालं की दोन्ही बांधून टाकायच्या. काही खेपांतच हातापायांत कापण्याजोगी जागा उरत नसे.

त्यामुळे १९५०च्या दशकातला दंडक साधा होता. विषबाधा, अपघात, चुकीच्या गटाचं रक्त अशा कारणांनी मूत्रपिंड अचानक बंद पडलं आणि आठ-पंधरा दिवसांत ते पुन्हा सुरू होण्याची आशा असली, तरच डायलिसिस. ज्याची मूत्रपिंडं कायमची गेली, त्याच्यासाठी काही करता येत नाही, हे पाठ्यपुस्तकांनीही मान्य केलेलं होतं.

स्क्रिब्नर १९२१ मध्ये शिकागोत जन्मले, स्टॅनफर्डला डॉक्टर झाले, मेयो क्लिनिकमध्ये शिकले आणि १९५१ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले. त्यांचा खरा विषय पाणी आणि मीठ. शरीरात पाणी किती, सोडियम किती, ते कुठून कुठे जातं, याचा हिशेब ते विद्यार्थ्यांकडून घोटून घेत. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णाच्या खाटेपाशीच क्लोराइड मोजायची एक सुटसुटीत पद्धतही त्यांनी बसवली होती. त्यांच्या चरित्रातल्या नाट्यमय घटनांपुढे हा तपशील फिका वाटतो, पण पुढची चाळीस वर्षं समजायला मला तोच जास्त उपयोगी पडला.

नाट्यमय घटना अशी. स्पोकेनहून एक रुग्ण आला. डायलिसिसवर तो शुद्धीवर आला, बोलू लागला, जेवू लागला. मग तपासणीत कळलं की त्याची मूत्रपिंडं परत येणार नाहीत. नियमाप्रमाणे उपचार थांबवून त्याला घरी मरायला पाठवावं लागलं. स्क्रिब्नर यांनी पुढे अनेकदा सांगितलं की त्या काळातच एका रात्री त्यांना जाग आली ती उत्तर घेऊनच. रोहिणीत एक आणि नीलेत एक अशा दोन नळ्या कायमच्या ठेवायच्या आणि डायलिसिस संपलं की त्यांची बाहेरची टोकं एका वाकड्या तुकड्याने जोडून टाकायची. रक्त सतत वाहत राहील. वाहतं रक्त गोठत नाही. पुढच्या वेळी तुकडा काढा, यंत्र जोडा.

रक्ताला न चिकटणारा पदार्थ म्हणून टेफ्लॉनचं नाव लॉरेन विंटरशाइड या सर्जनने सुचवलं. ते तापवून हवं तसं वाकवायचं कसब विद्यापीठाच्या उपकरण-कार्यशाळेतल्या वेन क्विंटन यांचं, आणि नळ्या बसवल्या डेव्हिड डिलार्ड यांनी. ९ मार्च १९६० रोजी त्या क्लाइड शील्ड्स यांच्या हातात गेल्या. शील्ड्स एकोणचाळीस वर्षांचे, बोइंगच्या कारखान्यातले यंत्रकामगार. मनगटाच्या वरच्या बाजूला कातडीतून दोन टोकं बाहेर, मधे रक्ताने भरलेली नळी. तिला बोट लावलं तर ती ऊबदार लागली पाहिजे. गार लागली किंवा आतलं रक्त काळवंडलेलं दिसलं, तर गुठळी झाली म्हणून धावपळ. जोड निसटला तर रक्त उसळून बाहेर येणार, म्हणून पुढे रुग्ण नळी दाबायचे चिमटे हातावरच्या पट्टीला अडकवून हिंडत. शील्ड्स आणखी अकरा वर्षं जगले आणि १९७१ मध्ये हृदयविकाराने गेले.

इथपर्यंतची गोष्ट शोधाची, म्हणजे सांगायला सोपी. माझ्या मते स्क्रिब्नर यांची खरी कारकीर्द इथून पुढे सुरू होते. त्या नळीने मरणाऱ्या माणसाला वेळ मिळवून दिला, आणि तो किती व कोणाला द्यायचा याची घासाघीस लगेच सुरू झाली.

जानेवारी १९६२ मध्ये सिएटलमध्ये स्वीडिश हॉस्पिटलच्या नर्सेसच्या वसतिगृहाच्या तळघरात कृत्रिम मूत्रपिंड केंद्र उघडलं. सुरुवातीला खाटा तीन. दर रुग्णाला आठवड्यातून दोनदा, रात्रभर यंत्र लागणार. म्हणजे जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि उमेदवार कितीतरी जास्त. डॉक्टरांनी वैद्यकीय चाळणी लावली: पंचेचाळीसच्या वरचे नकोत, मुलं नकोत, दुसरे मोठे आजार असलेले नकोत. तरीही जे उरले, त्यांतून निवड करायला सात जणांची समिती नेमली. वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन. नावं गुप्त. शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी नोव्हेंबर १९६२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात या समितीवर लिहिलं आणि देश हादरला. लग्न झालंय का, मुलं किती, मिळकत किती, शिक्षण किती, चर्चला जातो का, समाजाच्या कामात असतो का, यावर माणसाचं जगणं ठरत होतं. मुलं जास्त असली तर विधवेला पुन्हा लग्न जमायला कठीण जाईल, म्हणून बापाला वाचवावं का, असेही खल झाले. समितीतली माणसं दुष्ट मुळीच नव्हती. ती आपल्यासारखीच होती, आणि म्हणून त्यांनी आपल्यासारख्यांना निवडलं. घरदार, नोकरी, रविवारचं चर्च. एकांडा, विक्षिप्त माणूस त्या गाळणीतून खाली उतरणं कठीणच. रुग्णांच्या या निवडीपासून वैद्यकीय नीतिशास्त्र या स्वतंत्र विद्याशाखेचा जन्म धरणारे अभ्यासक आहेत. त्यासाठी तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, सिएटलमध्येच परिषदही भरली.

स्क्रिब्नर यांनी हा प्रश्न टाळला नाही. कृत्रिम अवयवांवर काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेचे अध्यक्ष म्हणून १९६४ मध्ये केलेल्या भाषणात त्यांनी यंत्राची स्तुती करण्याऐवजी नैतिक अडचणी मांडल्या. निवड कशी करायची, रुग्णाने स्वतःच उपचार थांबवायचे ठरवले तर काय, मरणाची प्रतिष्ठा कशी राखायची. तंत्रज्ञांच्या सभेत हे विषय काढायला धाडस लागतं.

त्याच वर्षी समितीने एका शाळकरी मुलीला वयामुळे नाकारलं. तिचे वडील लेस बॅब यांचे स्नेही होते. बॅब अणुअभियंता. डायलिसिसचं द्रावण आपोआप मिसळणारं मोठं यंत्र त्यांच्या चमूने आधीच बनवलं होतं. आता चार महिन्यांत त्यांनी एका माणसापुरतं छोटं यंत्र तयार केलं आणि मुलीच्या आईने ते घरी चालवलं. घरच्या डायलिसिसची वाट सिएटलमध्ये अशी रुळली. याच सुमारास मद्रासचा एक धनाढ्य व्यापारीही सिएटलला उपचार शिकून गेला आणि मायदेशी घरी डायलिसिस करू लागला. १९७३ च्या आसपास अमेरिकेतले सुमारे चाळीस टक्के डायलिसिस रुग्ण घरी यंत्र लावत. घरी खाट रिकामी करून द्यायची नसते. झोपेत आठ तास गेले तरी कोणाचं काही अडत नाही.

मग सरकार आलं. १९७१ मध्ये शेप ग्लेझर या रुग्णाने संसदेच्या समितीसमोर प्रत्यक्ष डायलिसिस करून दाखवलं. डायलिसिसचा खर्च सरकारने उचलायचा कायदा त्यामुळेच झाला, असं सांगायची पद्धत आहे. मला ती हकीकत जरा जास्तच सिनेमासारखी वाटते. कशामुळे का असेना, ऑक्टोबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली आणि १ जुलै १९७३ पासून जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा खर्च मेडिकेअर या सरकारी विम्याने उचलायला सुरुवात केली. निवड समितीचं काम संपलं. पण पैसा हमखास मिळतो म्हटल्यावर नफ्यासाठी चालणारी केंद्रं उगवली, घरचं डायलिसिस मागे पडलं, आणि एका खाटेवर दिवसात जितके जास्त रुग्ण, तितकं केंद्राचं भलं, असं गणित बसलं. घासाघीस आता माणसांवरून तासांवर आली.

इथे स्क्रिब्नर यांचा पाणी-मिठाचा जुना हिशेब कामी आला. साठच्या दशकातच त्यांच्या लक्षात आलं होतं की पोटाच्या पडद्यातून डायलिसिस करणाऱ्यांच्या रक्तात युरिया जास्त राहतो, तरी त्यांच्या हातापायांच्या नसा कमी बिघडतात. मग युरियाहून मोठे, सावकाश निघणारे विषारी रेणूही असणार, असा त्यांचा नि बॅब यांचा तर्क. ते बाहेर काढायला वेळच लागतो. उलट १९८५ मध्ये गॉच आणि सार्जंट यांनी युरियावर आधारलेलं एक सूत्र दिलं, जे आज जगभर वापरतात. केटी-बाय-व्ही: गाळणीचा वेग गुणिले वेळ, भागिले शरीरातलं पाणी. सूत्र शुद्ध आहे, पण त्यात एक पळवाट आहे. वेग वाढवा आणि वेळ कमी करा, उत्तर तेच. अमेरिकेत तीन तासांत रुग्ण मोकळा करायची टूम निघाली. युरिया निघाला, पण मीठ-पाणी? ते पेशींभोवतीच्या जागेतून रक्तात यायला स्वतःचा वेळ घेतं. घाईने ओढलं की रुग्णाचं ब्लडप्रेशर कोसळतं, पायात गोळे येतात. कमी ओढलं की ब्लडप्रेशर चढतं आणि हृदय जाड होत जातं.

उतारवयात स्क्रिब्नर फ्रान्समधल्या तासां गावाचा दाखला देत राहिले. तिथे बर्नार शारा यांचा गट आठवड्यातून तीनदा, आठ-आठ तास डायलिसिस करत होता, आणि बहुतेक रुग्णांचं ब्लडप्रेशर गोळ्यांवाचून ताब्यात होतं. २००२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी टोरोंटोच्या ओरिओपुलोस यांच्यासोबत नवं सूत्र मांडलं: एका खेपेचे तास गुणिले आठवड्यातल्या खेपांचा वर्ग. नेहमीचं चार तास, तीन वेळा: छत्तीस. तासां गावचं आठ तास, तीन वेळा: बहात्तर. रोज दोन तास, सहा दिवस: तेही बहात्तर. वर्ग करायला ठोस पुरावा काय, असं टीकाकार विचारू शकतात, आणि ते रास्तच आहे. सूत्र कच्चं आहे. पण घड्याळ कोणाच्या सोयीने लावलंय, हे ते चटकन दाखवतं.

त्याच वर्षी कोल्फ आणि स्क्रिब्नर यांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये सिएटलच्या पोर्टेज बेवरच्या स्वतःच्या हाउसबोटीवरून स्क्रिब्नर पाण्यात पडले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय ब्याऐंशी. याच बोटीतून ते छोटी होडी वल्हवत विद्यापीठात जात.

त्यांचं तास आणि खेपांचं सूत्र आपल्याकडे लावून पाहण्यासारखं आहे. २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना डायलिसिस मोफत मिळू लागलं. महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेतूनही ते होतं. हातातल्या नळीची जागा तर कधीच फिस्चुलाने, म्हणजे रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने आतल्या आत जोडण्याने, घेतली. सुईचा खर्च नाही, यंत्राचा नाही. पण एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी, केंद्रात शिफ्ट न मिळणं या कारणांनी भारतात खूप रुग्ण आठवड्यातून दोनदाच येतात. चार तास, दोन वेळा. स्क्रिब्नर यांच्या हिशेबाने सोळा.