हसू वाकडे होऊ नये म्हणून

साहित्याच्या व्याख्यानमालेत सुई-औषधाचा विषय कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. पण हसण्याचा विचार आपल्याकडे वैद्यांइतकाच नाट्याचार्यांनीही केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात दात थोडेसे दिसतात. गाल, ओठ, डोळे किती हलले, यावर हसण्याचा अर्थ ठरतो, हे त्या शास्त्रकारांनी नेमके टिपले होते. भोजराजाच्या धारानगरीत हे वेगळे सांगायला नकोच.

आज चेहऱ्याचे तेच स्नायू सुईने सैल करता येतात. लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतूनही त्याची चौकशी सुरू होते. इंदूर काही लांब नाही, आणि कपाळावरच्या आठ्या किंवा डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या पंधरा दिवसांत जातात, असे ऐकायला मिळते. त्यावर घरातली वडीलधारी माणसे एकच प्रश्न विचारतात : ‘तोंड वाकडे झाले तर?’ हा प्रश्न भाबडा नाही. तसे होऊ शकते. पण ते का होते हे समजले, तर बहुतेक वेळा टाळताही येते, आणि टाळण्याची वेळ सुई टोचण्यापूर्वीची असते. आजच्या व्याख्यानात मला एवढेच उलगडून सांगायचे आहे.

प्रथम औषधाविषयी. आपण ज्याला सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतो, ते एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूपासून मिळणारे विष. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत खराब झालेल्या सॉसेजमुळे माणसे दगावत. त्या विषबाधेचे पहिले सविस्तर वर्णन युस्टिनुस केर्नर यांनी केले. ते वैद्य होते आणि नावाजलेले कवीही होते. या विषाचा पुढे औषध म्हणून उपयोग होईल, ही कल्पनाही त्यांनीच मांडली. ‘बोट्युलस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ सॉसेज. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात खारवलेले मांस खाऊन माणसे आजारी पडली, तेव्हा व्हॅन एर्मेंगेम यांनी तो जिवाणू शोधून काढला. विसाव्या शतकात डॉ. ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे औषध वापरले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ची. म्हणजे हे औषध सौंदर्यासाठी जन्मलेले नाही. आजही मान वाकडी होणे, पापण्या आपोआप मिटणे अशा विकारांवर ते दिले जाते.

ते काम कसे करते? मज्जातंतू स्नायूला ‘आकस’ असा निरोप एका रसायनाच्या हाती पाठवतो. हे औषध तो निरोपच अडवते. स्नायू मरत नाही, त्याला हुकूम पोचत नाही इतकेच. परिणाम दोन-चार दिवसांत दिसू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांत ओसरतो. मात्र हा स्नायू सुरकुतीचा आणि तो हसण्याचा, असा भेद औषधाला कळत नाही. जिथे पोचेल तिथला निरोप ते अडवते, आणि टोचलेल्या जागेभोवती थोडे पसरतेही. सगळी मेख इथे आहे.

आता हसण्याकडे वळू. हसू ही एक रस्सीखेच आहे. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेला झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू कोपरा वर व बाहेर ओढतो. नाकाच्या बाजूचे स्नायू वरचा ओठ उचलतात. हनुवटीच्या बाजूचा एक स्नायू कोपरा खाली खेचतो, त्याच्या आतल्या अंगाचा दुसरा खालचा ओठ उतरवतो. डावीकडे हा सगळा संच आहे, उजवीकडे तसाच दुसरा. प्रत्येक बाजूचा मज्जातंतू स्वतंत्र.

देवासच्या मंडळींना हे चटकन कळेल. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे कारभार एकाच गावात शेजारी शेजारी चालत. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत गाद्या दोन आणि गाव एक होते. चेहऱ्याचेही तसेच. दोन्ही कारभार बरोबरीने चालले तर पाहणाऱ्याला एकच हसू दिसते. एकीकडे जरा ढिलाई झाली की सीमा लगेच उघडी पडते.

ती उघडी पडल्यावर माणसाच्या वाट्याला काय येते, हे आपल्या रंगपटाने पाहिले आहे. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार ऐन उमेदीत नायिकेच्या भूमिका करीत होत्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांना जोराची थप्पड बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात दोष राहिला. नायिकेच्या भूमिका थांबल्या. पुढे खाष्ट सासू आणि ‘रामायण’ मालिकेतली मंथरा म्हणून घरोघर त्यांना ओळखले गेले. ‘अनाडी’तली प्रेमळ मिसेस डिसा करणारी बाईही तीच, पण लोकांनी तो डोळा कपटाचाच मानला. ती इजा होती, आणि आपला विषय औषधाच्या तात्पुरत्या परिणामाचा आहे, हा फरक मोठा आहे. तरी चेहऱ्याच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की लोक त्यातून स्वभाव वाचू लागतात, हे यावरून ध्यानात यावे.

सुईने हसू बिघडण्याच्या जागा मोजक्या आहेत. पहिली, डोळ्यांच्या कडेची. तिथे सुई फार खाली, गालाच्या हाडाकडे किंवा फार खोल गेली, तर औषध झायगोमॅटिकसपर्यंत पोचते आणि त्या बाजूचा कोपरा वर चढत नाही. दुसरी, ओठांचे खाली झुकलेले कोपरे उचलण्यासाठी हनुवटीच्या बाजूला दिलेली सुई. ती आतल्या अंगाला सरकली, तर खालचा ओठ उतरवणारा स्नायू सैल पडतो. मग हसताना, बोलताना एकीकडचे खालचे दात दिसतात आणि दुसरीकडचे झाकलेले राहतात. तिसरी, जबडा निमुळता दिसावा म्हणून चावण्याच्या स्नायूत दिलेली सुई. ती फार पुढे किंवा वरवर दिली, तर ओठाचा कोपरा बाजूला ओढणारा पातळ स्नायू सापडतो. चौथी, हसताना हिरड्या दिसू नयेत म्हणून नाकाच्या बाजूला दिलेली सुई. मात्रा जास्त झाली तर वरचा ओठ लोंबतो, दोन्हीकडे असमान झाली तर तिरपा होतो. कपाळ व भुवयांमधली जागा हसण्याच्या स्नायूंपासून दूर आहे. तिथला धोका पापणी किंवा भुवई उतरण्याचा.

आपल्या मंडळींपैकी जे गातात, नाटकात काम करतात, कीर्तन करतात किंवा बासरी वाजवतात, त्यांनी ओठांभोवतीच्या सुईचा विचार दहादा करावा. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ घट्ट मिटल्याशिवाय उमटत नाहीत. ओठांभोवतीचा स्नायू सैल झाला की चूळ भरतानाही पाणी निसटते.

मग काळजी कोणती घ्यावी? पहिली गोष्ट आरशाची. बहुतेक चेहरे मुळातच थोडे असमान असतात. एक भुवई उंच, एक कोपरा जास्त चढणारा. उपचारापूर्वी शांत चेहऱ्याचे, मंद हसतानाचे आणि मोकळे हसतानाचे फोटो काढून घ्यावेत. डॉक्टरांनीही आपल्याला हसवून, बोलवून, ओठ मुडपायला लावून पाहिले पाहिजे. स्थिर चेहऱ्यावर ठिपके काढून लगेच टोचणाऱ्याकडे थांबू नये. पूर्वी तोंडाचा लकवा येऊन गेला असेल, दातांची किंवा जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते आधी सांगावे.

दुसरी गोष्ट टोचणाऱ्या हाताची. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीचे आहे, पार्लरचे नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्योपचारांविषयी काढलेल्या सूचनांत, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि अनुभव विचारण्यात संकोच नको. आपण साडी घेतानाही पदर उलगडून पाहतोच.

तिसरी गोष्ट औषधाची. कुपी आपल्यासमोर उघडावी. तिच्यावरचे नाव व मुदत वाचावी. न उघडलेली कुपी साधारणपणे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि माळव्यातल्या मे महिन्यात ही किरकोळ बाब नाही. बोटॉक्सचे युनिट आणि डिस्पोर्टचे युनिट एकच नसते, म्हणून किती युनिटे हे विचारताना कोणत्या औषधाची हेही विचारावे आणि लिहून घ्यावे.

चौथी गोष्ट मात्रेची. चेहऱ्याच्या खालच्या भागात पहिल्या खेपेस कमीच द्यावे, आणि दोन आठवड्यांनी पाहून लागल्यास थोडे वाढवावे. कमी पडलेले वाढवता येते, जास्त झालेले काढून घेता येत नाही. म्हणून लग्नाच्या आठवड्यात पहिली सुई घेऊ नये; निदान दीड-दोन महिने हाताशी असावेत. गर्भारपणात, अंगावर पाजताना किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असताना हा उपचार टाळतात. चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, आधी सांगावीत. सुईनंतर ती जागा चोळू नये, काही तास आडवे पडू नये आणि त्या दिवशी चेहऱ्याचा मसाज करू नये, असे सांगतात, ते पाळावे.

एवढे करूनही हसू तिरपे झालेच, तर घाबरू नये. पहिल्या आठवड्यात एक बाजू आधी सैल पडून दुसरी मागून येऊ शकते, म्हणून दोन आठवडे थांबून त्याच डॉक्टरांना दाखवावे. कधी दुसऱ्या बाजूला अगदी थोडे औषध देऊन तोल साधतात. तोंडाच्या लकव्यातही निरोगी बाजूला हे औषध देऊन दोन्ही बाजू जुळवतात. पण हे जाणत्या हाताचे काम. घाईघाईने दुसरीकडे जाऊन नवी सुई घेऊ नये. परिणाम उतरवणारा उतारा नाही. काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत स्नायू आपोआप कामाला लागतो. गिळताना, श्वास घेताना किंवा बोलताना त्रास झाला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि शेवटची गोष्ट ज्यांनी कधी सुई घेतली नाही त्यांच्यासाठीही आहे. तोंड अचानक वाकडे झाले, सोबत हात-पाय लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी ‘परवा इंजेक्शन घेतले होते, त्याचेच असेल’ किंवा ‘वारे लागले असेल’ असे म्हणत घरी बसू नये. त्रास सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि निघावे.

सुरकुत्या घालवाव्यात की ठेवाव्यात, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे; तरुणांना त्यावरून टोमणे मारू नयेत आणि वडीलधाऱ्यांनाही गळ घालू नये. ज्यांना घालवायच्या आहेत त्यांनी वर सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून बरोबर न्यावेत, एवढीच विनंती.