रुळांवरून आलेली फिर्याद

पुण्याच्या कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे. तेथे मुलाला घेऊन गेलेला पिता मुलाचे समाधान झाल्यावरही त्या इवल्या रुळांपाशी रेंगाळत राहतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला या छंदाची ओढ निराळी समजावून सांगावी लागत नाही. परंतु घरच्या घरी फळीवर रूळ अंथरून अंकीय, म्हणजे डिजिटल, पद्धतीने गाड्या चालवू पाहणारा नवखा रसिक एका गोष्टीने हमखास गांगरतो. तीन गाड्या सुरळीत धावत असता हातातील थ्रॉटलच्या, म्हणजे गाड्यांना हुकूम देण्याच्या उपकरणाच्या, पडद्यावर एकाएकी कसलासा इशारा उमटतो, पेटी चीत्कार करते आणि सारे राज्य जागच्या जागी थिजते. अशा वेळी बहुतेक जण यंत्र बिघडले असे समजून ते उघडावयास धावतात. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, हा इशारा म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे; यंत्राने काय पाहिले एवढेच त्यात नमूद असते, आणि ते का घडले याचा तपास आपणच रुळांवर उतरून करावयाचा असतो.

यासाठी या कारभाराची रीत थोडी जाणून घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब कमीअधिक करून गाडीचा वेग राखीत. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदमच चालत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील लेन्झ या कंपनीने निराळी युक्ती सिद्ध केली, आणि अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९४ मध्ये तिला प्रमाणाचा दर्जा दिला. तीच आजची डिजिटल कमांड कंट्रोल, अर्थात डीसीसी. हिच्यात रुळांत वीज सदैव पूर्ण दाबाने खेळत असते आणि तिच्याच उलटसुलट होण्यातून हुकूम वाहत असतो. उलटण्याचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून अधिक मायक्रोसेकंदांचा असला तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या मालिकेत आरंभी इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा आणि शेवटी मजकूर वाटेत बिघडला की काय हे पडताळणारा अंश असतो. इंजिनाच्या पोटातील डिकोडर आपल्या पत्त्यावरचा हुकूम तेवढा उचलतो आणि बिघडलेला मजकूर निमूटपणे टाकून देतो.

या ‘निमूटपणे’ शब्दात अर्धे रहस्य आहे. मूळच्या डीसीसीत धावत्या गाडीकडून हुकमाची पोच येत नाही. कमांड स्टेशन, म्हणजे रुळांत हुकूम सोडणारी पेटी, तोच हुकूम पुनःपुन्हा धाडीत राहते आणि तो पोहोचला असे गृहीत धरते. पुढे रेलकॉमसारख्या योजनांनी इंजिनाला उत्तर देण्याची सोय झाली; पण ती नसेल तेथे इंजिन मध्येच अडखळले तर कमांड स्टेशनला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि उलट जो इशारा येतो तो बहुधा त्याच्या स्वतःच्या अनुभवाचा, म्हणजे आपल्याकडून किती वीज ओढली गेली याचा, असतो.

सर्वांत वरचेवर येणारा इशारा शॉर्टसर्किटचा. रुळांत खेळणारे पंधरा व्होल्ट आणि पाच अँपिअर म्हणजे पंच्याहत्तर वॅट. एवढी उष्णता एखाद्या बारीक चाकाशी एकवटली तर प्लॅस्टिकची बोगी वितळावयास वेळ लागत नाही, म्हणून बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरविणारा भाग, क्षणार्धात पुरवठा तोडतो तो आपल्या हिताचाच. कारण शोधताना प्रथम सांध्यांकडे जावे. घसरलेले चाक, रुळांवर विसरलेला पेचकस, किंवा सांध्याच्या फ्रॉगवरून, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेवरून, जाताना दोन विरुद्ध ध्रुवांच्या रुळांना एकाच वेळी शिवणारे रुंद चाक, यांतले काही ना काही बहुधा तेथे सापडते. दुसरे स्थान म्हणजे वळसा घेऊन आपल्याच मार्गाला परत मिळणारा रूळ. तेथे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. डीसीसीत इंजिनाची दिशा रुळांच्या ध्रुवांवर अवलंबून नसल्यामुळे ऑटो-रिव्हर्सर हे उपकरण गाडी चालू असतानाच त्या वळशाचे ध्रुव पालटू शकते. मात्र ते पालटण्याआधीच बूस्टर पुरवठा तोडीत असेल तर इशारा दर फेरीला येणार, आणि तेव्हा पालटण्याच्या आणि तोडण्याच्या वेळा जुळवून घेणे हाच उपाय. तिसरे कारण मात्र नवख्याला सुचत नाही. आवाज करणाऱ्या डिकोडरांत व वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांत पुरवठा सुरू होताच इतकी वीज एकदम शिरते की बूस्टर तिलाच शॉर्टसर्किट समजतो, तोडतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो. रुळांवरून निम्मी इंजिने उचलताच तक्रार मिटली, तर दोष त्या गर्दीचा आहे असे खुशाल समजावे.

दुसरा इशारा प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरची मांडणी वाचण्या-बदलण्यासाठी राखलेल्या, रुळावरचा. येथे मात्र डिकोडरकडून पोच अपेक्षित असते, आणि ती देण्याची त्याची रीत मोठी लोभस आहे. तो सुमारे सहा मिलिसेकंद निदान साठ मिलिअँपिअर अधिक वीज ओढतो. त्यासाठी बहुधा मोटारच क्षणभर चालविली जात असल्याने इंजिन किंचित दचकते. हा दचका नोंदला गेला नाही की ‘पोच नाही’ असा मजकूर उमटतो. जेएमआरआय या सर्वांना खुल्या असलेल्या संगणकप्रणालीत तो ३०८ या क्रमांकाने येतो. तो वाचून डिकोडर जळाला असे समजून दुसरा मागविणारे लोक आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण पुष्कळदा मळलेली चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, इंजिन बोटाने हलके दाबून धरले की तीच पोच बिनतक्रार येते.

‘स्टील?’ हा प्रश्न काही अमेरिकन थ्रॉटलांवर येतो. त्याचा पोलादाशी संबंध नाही. ‘हिसकावून घेऊ काय?’ असा त्याचा अर्थ. आपण मागितलेला इंजिनाचा पत्ता दुसऱ्या थ्रॉटलच्या ताब्यात आहे, किंवा मागच्या वेळी तो रीतसर सोडला गेला नाही, एवढेच त्यातून समजावे. तसेच रिकाम्या रुळावर गाडी उभी असल्याची नोंद दिसली तर खडी डिंकाने चिकटविली असेल ती पुरती वाळली आहे की नाही ते पाहावे. ओल्या खडीतून झिरपणारी अत्यल्प वीजही गाडी ओळखणाऱ्या उपकरणाला फसविते.

आता मला ज्याची खरी धास्ती वाटते ते सांगतो. रुळांना वीज नेणाऱ्या तारा बारीक आणि लांब असल्या तर दूरच्या रुळावर शॉर्टसर्किट होऊनही बूस्टरला पुरेशी वीज ओढली गेल्याचे जाणवत नाही. इशारा येतच नाही आणि रूळ तापत राहतो. त्याची परीक्षा अमेरिकेतील छंदी लोक नाण्याने करतात, आणि एचओ मापाच्या रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर असल्याने आपला रुपयाही तेथे सहज आडवा बसतो. गाड्या चालविण्यापूर्वी रुळांच्या प्रत्येक तुकड्यावर एकेकदा क्षणभर नाणे ठेवून पाहा. जेथे पेटी ताबडतोब ओरडणार नाही, तेथे त्याच दिवशी जाड तार ओढा.